मशीन बंद करता येत नाही तेव्हा

तुम्ही आखातात राहत असाल, तर सुट्टीच्या दिवशी सकाळी मासळी आणायला जाणं तुम्हाला नवीन नाही. शारजात सूक अल जुबैल, दुबईत देऱ्याचं वॉटरफ्रंट मार्केट, अजमानला बंदराला लागूनचा बाजार. आपली सुरमई इथे कनद होते. आपण कल्ले उचलून बघतो, बोट दाबून बघतो, भावात थोडी घासाघीस करतो आणि कापून, धुऊन घेतलेली पिशवी गाडीत ठेवतो. मासळी कोणी पकडली असेल, हा विचार कधीतरी मनात येतो. पण ती जिथून आली तिथपर्यंत बोट नेणारं आणि परत आणणारं मशीन कोणी चालू ठेवलं असेल, हा विचार मला तरी येत नव्हता. तो ज्या माणसामुळे आला, त्याच्याबद्दल आणि त्याने माझ्यापुढे टाकलेल्या एका प्रश्नाबद्दल हे लिहिते आहे.

मी इथे पोस्टडॉक करते. उष्ण आणि खाऱ्या पाण्यात धातू कसे गंजतात, हा माझा विषय. महासागराच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, आखाताच्या पाण्यात ४० च्या आसपास. उन्हाळ्यात इथल्या समुद्राचा पृष्ठभाग ३३-३४ अंशांपर्यंत तापतो. धातूचे छोटे तुकडे दोरीला बांधून मी मासेमारी बंदरात सोडले होते आणि दर पंधरवड्याने ते बघायला जात होते. एकदा धक्क्यावर फोनवर आईशी बोलत होते, तर शेजारच्या लाकडी बोटीच्या पोटातून आवाज आला, "ताई, कोकणातल्या का तुम्ही?" हातावर काळं तेल, गळ्यात ओला पंचा, वय पन्नाशीच्या पुढे. रायगड जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरचे. पंचवीसेक वर्षं इकडच्याच बोटींच्या मशीनवर. मी त्यांना काका म्हणते; नाव लिहीत नाही, कारण ते अजून त्याच बंदरात काम करतात.

या लाकडी मोटरबोटीला इथे 'लंज' म्हणतात, म्हणजे आपली लाँचच. बोटीच्या धन्याला 'नोखदा' म्हणतात, म्हणजे आपला नाखवा. मूळ फारसी शब्द एकच: नाखुदा, नावेचा धनी. शब्द दोन्ही किनाऱ्यांवर पोहोचले, तशीच माणसंही पोहोचली. इथल्या बोटींवरचे खलाशी बहुतेक भारत आणि बांगलादेशातले. तारांचे घुमटासारखे पिंजरे, ज्यांना इथे गरगूर म्हणतात, ते समुद्राच्या तळाशी सोडायचे, काही दिवसांनी उचलायचे, मासळी बर्फात घालायची. मोठ्या लंजची एक फेरी चार-पाच दिवसांची होते.

काकांचं काम बोटीच्या पोटात. समुद्राचं पाणी आत घेऊन मशीन थंड करावं लागतं. पण तेच पाणी उन्हाळ्यात इतकं गरम असतं की ते थंड करणार तरी काय! पाणी ओढणाऱ्या जाळीत कधी जेलीफिश अडकतो, कधी प्लास्टिकची पिशवी. मग तापमानाचा काटा चढतो आणि काकांना काटा बघण्याआधी आवाजावरून ते कळतं. पंख्याचा दांडा जिथून बोटीच्या बाहेर पडतो, तिथे पाण्याचे थेंब आत ठिबकत राहायलाच हवेत. पूर्ण बंद केले तर दांडा तापतो, जास्त सैल ठेवले तर बोट भरते. शिवाय लाकडी बोट फटींतून थोडं पाणी घेतेच. ते सगळं तळाशी साचतं आणि मशीनवर चालणारा पंप ते बाहेर फेकतो. या देशात १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात काम करवून घेण्यास मनाई आहे, आणि तो नियम चांगला आहे. मशीनच्या खोलीत मात्र ऊन नसतं. नुसती उष्णता असते.

आता तो प्रसंग. काही वर्षांपूर्वी काका दुसऱ्या एका बोटीवर होते. पाच महिन्यांचा पगार थकला होता. फेरीला निघण्यापूर्वी खलाशांनी नकार दिला. मालक म्हणाला, ही एक फेरी करून या, मासळी विकली की देतो. ते गेले. तिसऱ्या रात्री, किनारा चाळीसेक सागरी मैलांवर असताना, एका तरुण खलाशाला घरून फोन आला की पैसे आले नाहीत म्हणून बहिणीचं कॉलेज सुटलं. तो उठला आणि मशीनच्या तोंडाशी येऊन म्हणाला, "काका, मशीन बंद करा. बर्फ वितळू दे, मासळी सडू दे. मालकाचा माणूस बोटीवर आहे, तो फोन करेल. आत्ता नाही तर कधीच पैसे मिळणार नाहीत." बाकीचे त्याच्या पाठीशी उभे होते.

काकांनी मशीन बंद केलं नाही. मुलगा म्हणाला, "तुम्ही मालकाचे." बोट धक्क्याला लागली, मासळी विकली गेली. मालकाने एका महिन्याचा पगार दिला आणि बाकीचा पुढच्या फेरीवर ढकलला. दोन खलाशी पैसे न घेताच मायदेशी परतले. त्यातला एक तो मुलगा.

"तुम्ही शिकलेल्या आहात," काका म्हणाले, "सांगा, माझं चुकलं का?"

मी लगेच म्हणाले, नाही काका, तुम्ही बरोबर केलंत. समोरच्याला बरं वाटावं म्हणून आपण असं बोलतो. त्यांना ते पटलं नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. घरी येताना मलाही पटेना. कारण त्यांच्या बरोबर वागण्याचा सगळा फायदा झाला तो चुकीचं वागणाऱ्याला.

आपल्याकडे या प्रश्नाची दोन तयार उत्तरं आहेत. पहिलं उत्तर आपण लहानपणापासून ऐकतो: आपलं काम करावं, फळाकडे बघू नये. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेलं 'गीतारहस्य' अनेक मराठी घरांत कपाटात असतं, आणि निष्काम कर्म हा शब्द ते न वाचलेल्यांच्याही तोंडी असतो. पण हा शब्द कोण कोणाला सांगतो, हे बघायला हवं. फळाची आशा सोडणं हा काम करणाऱ्याने स्वतःपुरता केलेला निश्चय असू शकतो. ज्याच्याकडे ते फळ अडकून पडलं आहे, त्याने तो दुसऱ्याला ऐकवणं म्हणजे तत्त्वज्ञान पुढे करून उधारी बुडवणं. शिवाय त्या मुलाच्या बहिणीचं कॉलेज हे त्याच्या आसक्तीचं फळ नव्हतं. ते त्याने घामाने आधीच कमावलेलं होतं.

दुसरं उत्तर तितकंच सरळ: दाम नाही तर काम नाही. मुंबईत वाढलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगारांनी काम थांबवलं. त्या संपाचा शेवट काय झाला ते आपल्याला ठाऊक आहे. पण काम थांबवणं शक्य तरी होतं. माग थांबला की कापड थांबतं. मागाजवळ उभा असलेला माणूस बुडत नाही.

बोटीवर तसं नाही. मी काकांना पुन्हा भेटले तेव्हा विचारलं, त्या रात्री मशीन बंद केलं असतं तर काय झालं असतं? ते म्हणाले, "मशीन बंद तर पंप बंद. पंप बंद तर दोन-तीन तासांत पाणी फळ्यांवर. बॅटरी उतरली की दिवे जातात. आणि आम्ही होतो तिथून रात्री टँकर जातात. त्यांना आम्ही दिसलो नसतो." मग थोडं थांबून म्हणाले, "मशीन मालकाचं होतं, ताई. पंप सगळ्यांचा होता."

मला वाटतं, काकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यांनी स्वतःच दिलं. आपण समजतो की नोकर मालकासाठी काम करतो. कागदावर ते खरंही असतं. पण काही कामं अशी असतात की ती सुरू केल्यावर देणं कोणाचं लागतं हे बदलतं. बंदरात मशीन चालू करताना काका मालकाचे नोकर होते. चाळीस मैलांवर ते त्या सात-आठ जिवांचे राखणदार होते, ज्यात त्यांना शिव्या देणारा तो मुलगाही होता. मशीन चालू ठेवणं ही मालकाशी निष्ठा नव्हती. म्हणून 'तुम्ही मालकाचे' हा आरोप खोटा होता.

पण उरलेलं अर्धं उत्तर अवघड आहे. तो मुलगा मूर्ख नव्हता. त्याला नेमकं दिसलं होतं की बोट समुद्रात असतानाच त्यांच्या हातात काही आहे. किनाऱ्याला लागली की मासळी मालकाची आणि ते परत हात जोडून उभे. आणि मालकालाही दिसलं होतं की समुद्रात कोणी मशीन बंद करणार नाही. ज्या चांगुलपणामुळे काका थांबू शकत नव्हते, त्याच चांगुलपणावर मालकाने उधारी चालवली होती. यावर असं म्हणायची सोय असते की अहो, कोणी जबरदस्ती केली नव्हती, ते स्वखुशीने गेले, स्वखुशीने काम केलं.

या 'स्वखुशी'वर ॲरिस्टॉटलने एक उदाहरण घेतलं आहे, आणि योगायोगाने तेही जहाजाचंच आहे. 'निकोमाखियन एथिक्स'च्या तिसऱ्या भागात तो विचारतो: वादळात जहाज वाचवण्यासाठी माल समुद्रात फेकणाऱ्याने ते स्वेच्छेने केलं का? तो म्हणतो, अशा कृती मिश्र असतात. हात त्या माणसाचाच आहे, त्या क्षणी निर्णयही त्याचाच आहे. पण एरवी कोणताही शहाणा माणूस आपला माल स्वखुशीने पाण्यात टाकणार नाही. काकांचं काम असंच मिश्र होतं. त्यांनी मशीन चालू ठेवायचं निवडलं. पगाराशिवाय काम करायचं त्यांनी निवडलं नव्हतं. पहिल्या गोष्टीवरून दुसरीचा अर्थ काढणं ही लबाडी आहे.

ही लबाडी एका मालकापुरती नाही. जानेवारी २०२१ मध्ये उम्म अल क्वैनच्या सार्वजनिक किनाऱ्यावर 'इबा' नावाचं तेलवाहू जहाज येऊन रुतलं. खराब हवामानात त्याचे नांगर तुटले होते. जहाजावर पाच माणसं होती: भारत, पाकिस्तान, बांगलादेश आणि म्यानमारची, त्यांत मशीनवरचे इंजिनियरही. त्यांना सुमारे ३२ महिने पगार मिळाला नव्हता. फिरायला येणारे लोक वाळूतून जहाजाचे फोटो काढत होते आणि ही माणसं जहाज सोडायला तयार नव्हती, कारण उतरलो तर थकलेल्या पगारावरचा हक्क हातातून जाईल ही भीती. मिशन टू सीफेअरर्स या संस्थेने मध्यस्थी केली, जहाजाला नवा घेणारा मिळाला, आणि थकबाकीतला काही भाग सोडून देऊन ती माणसं घरी गेली. जमीन पोहत जाता येईल इतकी जवळ असूनही त्यांना काम 'सोडून' जाता येत नव्हतं.

इबासाठी निदान दार ठोठावायला संस्था होत्या, बातमी जगभर गेली. मासेमारी बोटीवरच्या मशीनवाल्यासाठी काय आहे? मी शोधायला बसले तेव्हा चकित झाले. जहाजांवरच्या कामगारांसाठी २००६ चा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार आहे. भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. दोन महिने पगार थकला तर खलाशाला वाऱ्यावर सोडलं असं समजावं, आणि चार महिन्यांपर्यंतच्या पगाराची हमी मालकाने आधीच काढून ठेवावी, अशा तरतुदी त्यात २०१७ पासून लागू झाल्या. पण कराराच्या सुरुवातीलाच म्हटलं आहे की तो मासेमारी करणाऱ्या जहाजांना लागू नाही, आणि ढाव किंवा जंकसारख्या पारंपरिक बांधणीच्या जहाजांनाही नाही. काकांची बोट एकाच वाक्यात दोनदा बाहेर पडते.

मासेमारांसाठी वेगळा करार आहे, २००७ चा. तो अंमलात यायला नोव्हेंबर २०१७ उजाडलं. तो मान्य करणारे देश थोडे आहेत. २०२४ पर्यंत त्यात भारत नव्हता. मासेमारी जहाजावरच्या इंजिनियरांच्या प्रशिक्षणाचे आंतरराष्ट्रीय नियम ७५० किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या मशीनपासून सुरू होतात. लाकडी बोटीचं मशीन त्याच्या जवळपासही जात नाही. आणि अमिरातीत राहणाऱ्या तुम्हाला माहीत असलेली वेज प्रोटेक्शन सिस्टिम, जिच्यामुळे २००९ पासून इथल्या लाखो कामगारांचे पगार बँकेतून जातात आणि उशीर झाला की मंत्रालयाला कळतं? तिच्यातून नागरिकांच्या मालकीच्या मासेमारी बोटींना सूट आहे.

या सुटींमागे दुष्टपणाच आहे असं मी म्हणणार नाही. मासेमारीत पगारापेक्षा वाटणीची पद्धत जुनी आहे. कधी मासळी लागते, कधी लागत नाही. बोटीचा धनी अनेकदा स्वतःच कर्जात असतो. आपल्या किनाऱ्यावरही १ जून ते ३१ जुलैची बंदी संपताना डिझेल, बर्फ आणि आगाऊ रकमा यांचा हिशोब करणारे नाखवे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे ठाऊक आहे. छोट्या धंद्यावर कागदांचं ओझं नको, हा विचार समजू शकतो. पण धन्याची अडचण खरी असली तरी ती कोणी सोसायची हा प्रश्न उरतोच. डिझेलवाला उधारी थांबवू शकतो. बर्फवाला थांबवू शकतो. बँक थांबवू शकते. थांबवू शकत नाही तो एकटा मशीनवाला. म्हणून सगळी तूट घरंगळत त्याच्यापाशी येऊन साचते, बोटीच्या तळाशी पाणी साचावं तशी.

मी माझ्यापुरती या निष्कर्षावर आले आहे: ज्याला काम मध्येच खाली ठेवता येत नाही, त्याचा पगार सगळ्यात आधी दिला पाहिजे, आणि त्याची हमी काम सुरू होण्यापूर्वी घेतली पाहिजे. जो थांबू शकतो तो स्वतःसाठी भांडू शकतो. जो थांबू शकत नाही, त्याच्या वतीने कायद्याने, किनाऱ्यावरच्यांनी, त्याच्या श्रमावर जगणाऱ्यांनी आधीच भांडून ठेवायला हवं. आपण नेमकं उलट करतो. कागदावर हात चालणाऱ्यांना संरक्षण आधी मिळतं. माझ्या कराराचं नूतनीकरण लांबलं तेव्हा मी दोन पत्रं लिहिली आणि संध्याकाळी सहाला प्रयोगशाळा बंद करून घरी गेले. कोणी बुडालं नाही.

आणि हे फक्त समुद्रापुरतं आहे असं समजू नका. परदेशातल्या आपल्या घरांत बघा. बाळाला सांभाळणारी ताई, पुण्यात एकट्या राहणाऱ्या वडिलांजवळ रात्री थांबणारी बाई, ज्यांचा पगार आपण इथून पाठवतो. महिन्याचे पैसे आठ दिवस उशिरा गेले तर ती काय करणार? वडिलांना अंथरुणावर तसंच ठेवून निघून जाणार? जाणार नाही, हे आपल्याला माहीत असतं. म्हणूनच आपण गृहकर्जाचा हप्ता चुकवत नाही आणि तिचे पैसे 'या आठवड्यात बघतो' म्हणतो. मी हे केलं आहे. आजीला सांभाळणाऱ्या बाईंच्या बाबतीत, दोनदा. तेव्हा मला ते विसरणं वाटलं होतं. आता वाटतं, जी थांबणार नाही हे पक्कं ठाऊक आहे, तिलाच आपण विसरतो.

गेल्या महिन्यात मी काकांना माझं उत्तर सांगितलं. मशीन चालू ठेवलंत ते बरोबर. तुमच्यावर ती वेळ आणली गेली ते चूक. आणि ती चूक तुमच्या खात्यात लिहायची नाही. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. पण तो पोरगा माझा फोन अजून घेत नाही."

याला माझ्याकडे उत्तर नाही. तो त्याच्या जागी रागावलेला आहे, आणि त्याचे चार महिन्यांचे पैसे अजून कोणीतरी त्याचं देणं लागतं. काका दर ईदला आणि दर दिवाळीला त्याला फोन लावून बघतात. तो कोणता सण पाळतो हे त्यांना ठाऊक आहे. तरी दोन्ही वेळा लावतात.